सात बाइक, एक शेपूट आणि ताम्हिणीची वाट

वीकेंड जवळ आला की ग्रूपवर पहिला मेसेज पडतो, ‘निघायचं का?’ पण सात बाइक घेऊन निघणं आणि सातच्या सात बाइक घेऊन पोचणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत बॉस! पुणे ते दिवेआगर, व्हाया ताम्हिणी... सगळ्यात शेवटच्या बाइकवरून.

शुक्रवारी दुपारी तीननंतर कुठल्याही ऑफिसमध्ये एक चक्कर मारा. हिंजवडी असो, मगरपट्टा असो, नाहीतर मुंबईचं बीकेसी. स्क्रीनवर एक्सेल शीट उघडी असते आणि तिच्यामागे हळूच मॅप उघडलेला असतो. कुणीतरी विचारतं, ‘पाऊस आहे का रे तिकडं?’ कुणीतरी चेनला तेल मारायचं आठवतं. आठवडाभर डेडलाइनखाली दबलेल्या जिवाला दोन चाकांवर बसून कुठंतरी सुटायचं असतं, आणि एकट्यानं सुटण्यापेक्षा चार टाळकी जमवून सुटण्यात जास्त मजा असते. बाइक तीच, रस्ता तोच, पण आरशात मित्राचा हेडलाइट दिसला की गाडीला वेगळाच सूर लागतो.

आता जरा कडू बोलतो. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली आणि त्यातल्या दर शंभरातली ४४हून जास्त दुचाकीवरची होती. हे सगळे काही ग्रूपनं फिरणारे नव्हते, हे उघडच आहे. पण ग्रूपनं निघालं की आपण जास्त सेफ असतो, हा जो आपला लाडका समज आहे ना, तो तितकासा खरा नाही. ग्रूप माणसाला सांभाळतो तसाच ओढतोही. पुढचा गेला म्हणून मागचा जातो. एकटा असता तर ज्या ट्रकला त्यानं ओव्हरटेक केलं नसतं, त्याच ट्रकच्या अंगावरून तो बिनधास्त निघतो. का? तर पुढचे टेललाइट दिसेनासे होतील ना!

गेल्या सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी आम्ही सात बाइकवरून दहा जण दिवेआगरला निघालो तेव्हा माझ्याकडं शेपटीचं काम होतं. इंग्रजी पोथ्यांमध्ये त्याला स्वीप म्हणतात. आमच्यात सरळ ‘शेपूट’. शेपटानं कुणालाही ओव्हरटेक करायचं नाही, काही झालं तरी शेवटीच राहायचं आणि जो थांबेल त्याच्याबरोबर थांबायचं. फर्स्ट एड, पंक्चर किट, पाने-पक्कड, सगळं शेपटाच्या बॅगेत. ग्लॅमर शून्य! पण अख्खा ग्रूप कसा चालवतो हे फक्त शेपटालाच दिसतं.

चांदणी चौक, सकाळी सहा

नव्या पुलांच्या जाळ्याखाली चांदणी चौकात आम्ही जमलो. एक बुलेट, एक ड्यूक, दोन पल्सर, एक स्प्लेंडर, एक अ‍ॅव्हेंजर आणि एक स्कूटर. अशी खिचडी प्रत्येक ऑफिसच्या ग्रूपमध्ये असते आणि इथंच पहिली गोम आहे. ३७३ सीसीची ड्यूक आणि शंभराची स्प्लेंडर यांचा वेग एक कसा व्हायचा? उत्तर सोपं आहे. ड्यूकवाल्यानं हळू चालवायचं! ग्रूपचा वेग सगळ्यात जोरात पळणारी गाडी ठरवत नाही, सगळ्यात सावकाश चालणारी ठरवते. पेट्रोलचंही तेच. टाकी भरायची ती सगळ्यात छोट्या टाकीच्या हिशोबानं. पौड सोडलं की पंप विरळ होत जातात, म्हणून स्कूटर भरली की सगळ्यांनीच भरली.

आमची लीड होती टेस्टिंग टीममधली एक मैत्रीण. बुलेट तिची. लडाख, स्पिती सगळं करून आलेली, पण बोलण्यात कुठं मिजास नाही. तिनं क्रम लावला. पहिली ती. तिच्या लगेच मागं स्प्लेंडरवाली, आमच्यातली सगळ्यात नवी, घाटात पहिल्यांदाच गाडी घालणारी. मग डबल सीट असलेल्या तीन गाड्या. सहावा ड्यूकवाला आणि सातवा मी.

नव्या माणसाला दुसऱ्या नंबरवर ठेवण्याचा हा फंडा बऱ्याच ग्रूपना ठाऊकच नसतो. आपण काय करतो? ‘तू नवीन आहेस ना, मग आरामात मागून ये!’ ऐकायला प्रेमळ वाटतं, पण हिशोब उलटा पडतो. समजा, पुढच्यानं स्पीडब्रेकर ओलांडला आणि साठचा वेग धरला. दुसरा अजून स्पीडब्रेकरवरच आहे. तो ओलांडेपर्यंत अंतर वाढलं, मग ते भरून काढायला त्याला पासष्ट. तिसऱ्याला सत्तर. असं करत करत शेवटच्याला ऐंशीनं पळावं लागतं आणि तेवढ्यात पुढचा स्पीडब्रेकर येतो, की करकचून ब्रेक! रबर ताणलं जातं आणि सुटतं, तसा हा प्रकार. पुढच्याला वाटतं, आपण किती शिस्तीत चाललोय. मागच्याचा मात्र घाम निघालेला असतो. म्हणून कच्चा गडी लीडच्या मागं आणि पक्का गडी शेवटी. लीडला आरशात कायम तो कच्चा गडी दिसला पाहिजे. तो दिसतोय म्हणजे वेग बरोबर आहे.

पौडची मिसळ आणि सात मिनिटांचं भाषण

भूगाव, भुकूम, पिरंगुट... शहर संपता संपत नाही. शनिवारची पहाट असूनही डंपर, दुधाच्या गाड्या आणि आपल्यासारखेच बाहेर पळणारे कारवाले. इथं एकमेकांना चिकटून राहायचा हट्ट धरू नये. सिग्नलला तिघं पुढं गेले आणि चौघं अडकले तर अडकू द्यावं. लाल दिव्यातून पळून गाठण्याइतकं पुढं काहीही नसतं.

पौडला मिसळ हाणली. तर्री अशी की घाटात थंडी वाजायची बातच नाही. चहा येईपर्यंत आमच्या लीडनं सगळ्यांना उभं केलं आणि सात मिनिटांचं भाषण दिलं. मी घड्याळ लावलं होतं! त्यातला ऐवज असा.

सरळ, रुंद रस्त्यावर तिरपी रांग. पहिली गाडी आपल्या लेनमध्ये उजव्या अंगाला, दुसरी डाव्या अंगाला आणि जरा मागं, तिसरी पुन्हा उजवीकडं. तिरक्या पुढच्यापासून एक सेकंद आणि नाकासमोरच्यापासून दोन सेकंदांचं अंतर. सेकंद कसे मोजायचे? पुढची गाडी मैलाच्या दगडाजवळून गेली की मनात म्हणायचं, ‘एक हजार एक, एक हजार दोन’. तेवढं म्हणून व्हायच्या आत आपण दगडाशी पोचलो तर आपण फार जवळ आहोत. साठच्या वेगात गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. मेंदूला ‘अरे, ब्रेक!’ हे कळून हात दाबेपर्यंत एक सेकंद सहज उडतो. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच १७ मीटर खलास. रस्ता ओला असेल तर दोनाचे चार सेकंद करायचे.

‘शेजारी शेजारी चालवत गप्पा मारणाऱ्यांना मी माणगावला उतरवून एसटीत बसवणार आहे,’ ती म्हणाली. जोडीनं चालवणं फोटोत झकास दिसतं. पण कुत्रं आडवं आलं तर बाजूला सरकायला जागा उरत नाही.

वळणं सुरू झाली की मात्र तिरपी रांग मोडायची आणि एकामागं एक. वळणावर गाडीला लेनची अख्खी रुंदी लागते. लीडनं एक बोट वर केलं की एकेरी, दोन बोटं वर की पुन्हा तिरपी. पंजा खाली दाबला की वेग कमी. डावा पाय बाहेर काढला की डावीकडं खड्डा किंवा खडी. खूण दिसली की प्रत्येकानं ती मागं पाठवायची, नाहीतर तिसऱ्या गाडीपर्यंत पोचून तिथंच विझते.

आणि शेवटचा नियम, जो तिनं दोनदा सांगितला. ‘आपापल्या मागची गाडी आपली. आरशात ती दिसली पाहिजे. नाही दिसली तर वेग कमी करा, तरी नाही दिसली तर सेफ जागा बघून थांबा. पुढचा सुटला तर सुटू दे, त्याच्यामागं पळू नका. प्रत्येक फाट्यावर आम्ही थांबलेलो असू. थांबू म्हणजे थांबूच.’

चहावाल्या मावशी हे सगळं ऐकत होत्या. पैसे देताना म्हणाल्या, ‘म्होरं घाटात माती आलीया रस्त्यावं. दमानं जावा बाळांनो.’ एवढं मोठं भाषण मावशींनी दोन वाक्यांत संपवलं!

मुळशीचं पाणी

पौडनंतर रस्ता श्वास घेतो. मग मुळशीचं पाणी दिसायला लागतं आणि हेल्मेटच्या आत आपोआप तोंडाचा ‘आ’ होतो. सप्टेंबरअखेर धरण काठोकाठ, डोंगर हिरवेगार, कडेला सोनकी फुललेली, कातळांवरून अजूनही पाण्याच्या रेघा ओघळताहेत.

या तळ्याचा निळा रंग बघताना एक लक्षात असू द्या, याच्या पोटात गावं आहेत. टाटांच्या वीजप्रकल्पासाठी हे धरण बांधायला घेतलं तेव्हा, १९२१ साली, इथल्या शेतकऱ्यांनी जमिनींसाठी मुळशी सत्याग्रह केला. पांडुरंग महादेव बापट यांनी त्याचं नेतृत्व केलं आणि त्या लढ्यानं त्यांना ‘सेनापती’ ही पदवी दिली. शेवटी धरण झालंच. एरवी पूर्वेकडं वाहत गेलं असतं ते पाणी बोगद्यातून सह्याद्रीच्या पोटातून खाली भिऱ्याला उतरतं, तिथं वीज करतं आणि पुढं कुंडलिका नदीला मिळतं. कोलाडला तुम्ही ज्या राफ्टिंगसाठी पैसे मोजता ना, ते भिऱ्याहून सुटणाऱ्या याच पाण्यावर चालतं.

गाडी चालवता चालवता हे सगळं बघायचा मोह होतोच. पण बाइकचा एक अजब स्वभाव आहे. तुम्ही जिकडं बघाल तिकडं ती जाते. खड्ड्याकडं टक लावली की गाडी खड्ड्यात. दरीकडं बघत राहिलात तर... नकोच ते! वळणावर नजर नेहमी वळण जिथं उलगडतं तिथं हवी, गाडी आपली आपण तिकडं जाते. तळं बघायचं तर थांबून बघा. रुंद जागा शोधा, सगळ्या गाड्या रस्त्याच्या पूर्ण बाहेर घ्या, मग काढा हवे तेवढे सेल्फी. आम्ही तसे दोनदा थांबलो. दर तास-सव्वा तासानं थांबायचंच असतं. पाठीला आणि मेंदूला तेवढी विश्रांती लागते, आणि स्कूटरवाल्याला तेवढाच फोटो टाकायला वेळ मिळतो.

शेवटच्या थांब्यावर प्रत्येकानं मोबाइल पाहिला. रेंज गेलेली. ताम्हिणीत हे ठरलेलंच असतं. ग्रूपवरचं लाइव्ह लोकेशन, हेल्मेटमधलं गाणं, सगळं गुल.

घाट

ताम्हिणीचा घाट कोकणात उतरतो. उतारावर साधा नियम, ज्या गिअरमध्ये चढला असतात, त्याच गिअरमध्ये उतरा. इंजिन गाडीला धरून ठेवतं, ब्रेकला सारखं राबावं लागत नाही. अरुंद जागी खालून चढणाऱ्या गाडीचा हक्क पहिला, आपण थांबायचं. डांबराच्या कडेला शेवाळ, झाडांखाली कुजलेली पानं, दरडीची माती आणि पांढरे पट्टे, या चार गोष्टी ओल्या असताना साबण समजायच्या. ब्रेक मारायचा तो गाडी सरळ असताना, वळणाच्या आधी. १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना २०१९ पासून एबीएस सक्तीचं आहे. त्यानं चाक लॉक होत नाही, पण वळणाचं गणितही बदलत नाही.

आमची वरात छान उतरत होती. पुढं स्प्लेंडरवाली एकेक वळण नीट गिरवून काढत होती, पाटीवर अक्षरं गिरवावीत तसं. लीडही तिच्याच वेगानं. चाळीस, कधी तीस. तेवढ्यात एका धबधब्यापाशी रुंद जागा दिसली आणि ड्यूकवाला थांबला. एकटाच. त्याला एक शॉट हवा होता. शेपूट म्हणून मी थांबलो. त्याचे दोन फोटो झाले, तिसरा झाला, मग हेल्मेट चढवताना त्यानं पुढं पाहिलं. रस्ता रिकामा. पाचही गाड्या वळणाआड गेलेल्या.

‘चल, गाठू त्यांना!’ म्हणाला आणि सुटला.

मी सुटलो नाही. शेपूट पळत नसतं. ड्यूकचा आवाज दोन वळणं पुढं ऐकू येत होता. गिअर टाकल्याचा, कापल्याचा, पुन्हा टाकल्याचा. आणि मग एक घासल्याचा आवाज आणि शांतता.

हेल्मेटच्या आत त्या शांततेला फार मोठा आवाज असतो.

वळण घेतलं तेव्हा ड्यूक आडवी पडलेली होती, दरडीच्या बाजूला, नशिबानं दरीच्या नाही. मातीचा लाल पट्टा रस्त्यावर पसरलेला आणि त्यातून घसरत गेल्याची रेघ. हा त्याच्याही पुढं दहा पावलांवर बसलेला, एक हात दुसऱ्या हातात धरून.

अशा वेळी सगळ्यात आधी मित्राकडं धावावंसं वाटतं. धावायचं नाही! आधी मागून येणाऱ्यांना थांबवायचं, नाहीतर एकाचे तीन होतात. मी बाइक वळणाच्या अलीकडं, मागून येणाऱ्याला लांबून दिसेल अशी रस्त्याच्या कडेला लावली, इंडिकेटर चालू ठेवले, बॅगेतली लाल रिफ्लेक्टर जाळी आरशाला अडकवली आणि मग त्याच्याकडं गेलो. तेवढ्यात खालून एसटी आली. आपली लाल परी! ड्रायव्हरसाहेबांनी ती पलीकडच्या वळणावर अशी उभी केली की खालून कुणी येऊच नये. कंडक्टर उतरून आले. ‘उठू नका दादा, घाई काय आहे? आधी पायाची बोटं हलवून बघा. मान दुखतेय का?’ मान ठीक. पाय ठीक. हेल्मेटवर एका बाजूला ओरखडे. जॅकेटची कोपरं फाटलेली, आतली कोपरं शाबूत. मनगट मात्र सुजायला लागलं होतं. तो शुद्धीवर होता, चांगला बोलत होता, म्हणून हेल्मेट त्यानं स्वतःच काढलं. बेशुद्ध माणसाचं हेल्मेट ओढून काढायला जाऊ नये. श्वास अडकलाय असं वाटलं तरच, आणि तेही दोघांनी मिळून, मान धरून. आणि मदत करणाऱ्याला पोलीस छळतील ही भीती डोक्यातून काढून टाका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यानंच अशा माणसाला संरक्षण दिलं आहे.

आरशांचा निरोप

आता पुढच्यांना कळवायचं कसं? रेंज नाही. मी जखमीला सोडून जाऊ शकत नाही. एसटी तर वर, पुण्याकडं निघालेली.

मी फार वेळ विचार करत बसलो नसेन. जेमतेम आठ-दहा मिनिटं झाली असतील. खालून एक ओळखीची धडधड ऐकू आली. बुलेट! तिच्यामागं पल्सर, आणि पल्सरच्या मागच्या सीटवर आमच्यातली नर्सिंग शिकलेली एकजण. बस्स, दोनच गाड्या. बाकीचे तिघं खाली रुंद जागेवर रस्त्याबाहेर थांबलेले.

झालं असं होतं. पाचव्या गाडीवरच्या स्कूटरवाल्याला आरशात ड्यूक दिसेना. त्यानं वेग कमी केला, तरी दिसेना, म्हणून तो जागा बघून थांबला. चौथ्याच्या आरशातून स्कूटर गेली. तोही थांबला. मग तिसरा. मग स्प्लेंडरवाली. आयुष्यातला पहिला घाट, हात घामेजलेले, तरी तिचं आरशाकडं लक्ष होतं! ती थांबली आणि तिचा हेडलाइट आरशातून गेल्यावर बुलेट थांबली. ना फोन, ना इंटरकॉम. पाच आरशांनी निरोप शेवटापासून पहिल्यापर्यंत पोचवला. मग लीडनं दोनच गाड्या परत आणल्या. सगळेच उलटे फिरले असते तर अरुंद घाटात वळवावळवीचा आणखी एक गोंधळ झाला असता.

मनगटाला क्रेप बँडेज बांधलं, झोळी केली. ड्यूकचा क्लच लिव्हर वाकला होता, बाकी गाडी चालण्यासारखी. पल्सरवाल्यानं ती हळूहळू खाली विळ्यापर्यंत नेली आणि त्याची पल्सर त्या नर्सबाईंनी चालवली. मागं बसायचं तर मनासारखं चालवणारं हवं, असं त्या एरवी म्हणतातच. विळ्याला रस्ता फुटतो, एक कोलाडकडं आणि एक निजामपूरमार्गे माणगावला. तिथं एका गॅरेजमध्ये ड्यूक ठेवली. तिचा मालक बुलेटवर मागं बसला. माणगावला डॉक्टरांनी एक्स-रे काढला. हाड शाबूत, मनगट लचकलेलं, तीन आठवडे हँडल बंद!

दवाखान्याबाहेर उसाचा रस पिताना तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘माती मला दिसली नाही असं नाही रे. मी रस्ता बघतच नव्हतो. मी तुमचे टेललाइट शोधत होतो.’

सगळ्या पोथ्या एका पारड्यात आणि हे एक वाक्य दुसऱ्यात. आमच्यातला सगळ्यात तयार गडी तो. हात चांगला, गाडी चांगली, जॅकेट-ग्लोव्ह्ज सगळं चढवलेलं. पण त्या दोन मिनिटांत तो स्वतःची राइड करतच नव्हता. रिकामा रस्ता दिसला आणि आपण मागं पडलो, एवढंच त्याच्या डोक्यात भिनलं. आणि जिला आम्ही सगळे कच्ची समजत होतो, ती आपल्या वेगानं, आपली वळणं बघत, आरशात मागच्याला सांभाळत उतरली होती. घाटात मोठी गाडी तिची होती की त्याची, सांगा बघू!

ग्रूप राइडचं सगळं शास्त्र शेवटी ‘थांबू’ या एका शब्दावर उभं आहे, असं मला वाटतं. पुढचे थांबतील यावर मागच्याचा पक्का विश्वास असेल तर तो पळत नाही. आणि हा विश्वास भाषणानं येत नाही, फाट्या-फाट्यावर खरंच थांबल्यानं येतो. ज्या ग्रूपमध्ये ‘कुठं राहिला होतास रे, झोपला होतास का?’ असं हसून विचारतात, तिथं पुढच्या वेळी तो माणूस जिवावर उदार होऊन पळतो. हसणाऱ्यांच्या ते ध्यानातही येत नाही.

दिवेआगर, उशिरा का होईना

माणगावहून मोर्बा, साई आणि मग म्हसळा. वाटेतला घोणसे घाट आम्ही तीसच्या वेगानं उतरलो आणि कुणीही तक्रार केली नाही. बोर्ली पंचतन ओलांडलं की हवेला खारट वास येतो, नारळी-पोफळीच्या वाड्या सुरू होतात आणि दिवेआगर येतं. दोनला पोचायचं होतं, पाच वाजले होते. घरगुती खानावळीच्या काकूंनी मात्र ताटं झाकून ठेवलेली. ‘फोन लागेना तेव्हा समजले मी, घाटात असाल. बसा आधी,’ म्हणाल्या. सुरमईचं कालवण, तांदळाची भाकरी, सोलकढी... आणि शाकाहाऱ्यांना उकडीचे मोदक. मोदक आधी सांगून ठेवावे लागतात बरं का!

गाव लहानसं, पण त्याची कुंडली मोठी. इथं सापडलेला ताम्रपट इ.स. १०६० चा, मराठीच्या जुन्या लेखांमधला एक. १९९७ मध्ये इथल्या एका वाडीत जमिनीखाली सोन्याचा गणपती सापडला आणि दिवेआगर घरोघरी पोचलं. २०१२ मध्ये दरोडा पडला आणि मूर्ती गेली, २०२१ मध्ये नव्यानं घडवलेली मूर्ती पुन्हा मंदिरात आली. मधल्या काळात, जून २०२० मध्ये, निसर्ग चक्रीवादळानं इथल्या वाड्या आडव्या केल्या. एक पोफळ उभी राहून फळायला वर्षं लागतात. तरी माणसांनी पुन्हा रोपं लावली. घाई न करता.

संध्याकाळी किनाऱ्यावर लांबच लांब वाळू आणि जवळजवळ कुणीच नाही. बाइक वाळूवर नेऊन फोटो काढायची टूम आम्ही एकमतानं रद्द केली. खारं पाणी चेनला खातं आणि भरती कुणासाठी थांबत नाही. थांबायचं काम आपलं. रविवारी परतताना लीडनं पुन्हा क्रम लावला. या वेळी शेपूट व्हायची इच्छा पाच जणांनी बोलून दाखवली!

निघण्याआधी हे बघा

अंतर : पुणे ते दिवेआगर, ताम्हिणीमार्गे साधारण १६० किलोमीटर. ग्रूपनं, थांबत थांबत, सहा तास तरी धरा. अंधार पडायच्या आत पोचा.

केव्हा : सप्टेंबरअखेर ते फेब्रुवारी. भर पावसाळ्यात दरडी येतात आणि प्रशासन अनेकदा पर्यटकांवर बंदीचे आदेश काढतं. आदल्या दिवशी चौकशी करा.

किती जण : पाच ते सात बाइक. त्याहून जास्त असतील तर दोन तुकड्या करा, प्रत्येकीला वेगळी लीड आणि वेगळं शेपूट.

अंगावर : आयएसआय मार्कचं हेल्मेट, पट्टा आवळून, चालवणाऱ्याला आणि मागच्यालाही. दोघांनाही ते कायद्यानं सक्तीचं आहे. पूर्ण बाह्यांचं जॅकेट, ग्लोव्ह्ज, घोट्याच्या वर येणारे बूट. चपला दिवेआगरच्या वाळूसाठी!

गाडी : टायरची हवा, ब्रेक, चेन, दोन्ही आरसे. आरसे काढून फिरणाऱ्याला ग्रूपमध्ये घेऊ नका.

खिशात : लायसन्स, विम्याची प्रत, रक्तगट आणि घरच्यांचा नंबर लिहिलेली चिठ्ठी. रेंज नसते तिथं लॉक झालेला मोबाइल उपयोगाचा नसतो, चिठ्ठी असते. अँब्युलन्ससाठी १०८.

ठरवून ठेवा : थांबायच्या जागा. पौड, मुळशी, विळे, माणगाव, म्हसळा. चुकामूक झाली तर पुढच्या ठरलेल्या जागी भेट. तिथं कुणीतरी थांबलेलं असेलच.